जखमीला रक्त कोणते, किती आणि केव्हा?

दिवाळी आटोपली की आपल्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात. गावोगावी दंडार, नाटके, पाहुण्यांची वर्दळ. मध्यरात्री नाटक सुटल्यावर एकाच मोटारसायकलवर तिघे-तिघे बसून परतणारी तरुण मंडळी एकोडीच्या रस्त्यावर दरवर्षी दिसतात. याच सुमारास धानाची कापणी, मळणी चालू असते. मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या अंधारात उभ्या असतात. लोकांच्या दृष्टीने हा आनंदाचा हंगाम. डॉक्टरच्या दृष्टीने अपघातांचा. २९ नोव्हेंबर २०२४ रोजी भंडाऱ्याहून गोंदियाकडे निघालेली शिवशाही बस सडक अर्जुनी तालुक्यात उलटली आणि दहाहून अधिक प्रवासी दगावले, ही घटना आपण कोणी विसरलेलो नाही.

अशा वेळी जखमीला घेऊन आलेले लोक दवाखान्याच्या पायरीवरूनच एक वाक्य बोलतात, "डॉक्टरसाहेब, एक सलाईन लावून द्या ना जी, मग नेतो आम्ही भंडाऱ्याला." या वाक्याविषयीच आज लिहायचे आहे. कारण मोठ्या रक्तस्रावात सलाईन किती द्यावे, रक्त केव्हा द्यावे आणि त्यातला कोणता भाग द्यावा, याविषयीचे वैद्यकशास्त्राचे मत गेल्या तीस वर्षांत बरेच बदलले आहे. हे मत लोकांपर्यंत पोचले तर काही जीव वाचतील.

माझ्या हातून झालेली चूक

आधी माझीच गोष्ट सांगतो. १९९८ साल होते. मी नवखा होतो. एका संध्याकाळी ट्रकची धडक बसलेल्या एका तरुणाला बैलगाडीच्या तट्ट्यावर निजवून आणले. मांडीचे हाड मोडलेले, पोट फुगत चाललेले, नाडी धाग्यासारखी बारीक. तेव्हाच्या पुस्तकात लिहिल्याप्रमाणे मी दोन्ही हातांना सुया लावल्या आणि तीन बाटल्या सलाईन भराभर सोडले. रक्तदाब वर आला, तो बोलू लागला. नातलगांचे चेहरे उजळले आणि मलाही बरे वाटले. नंतर जीप मिळेपर्यंत आणखी वेळ गेला. तो मोठ्या रुग्णालयात पोचलाच नाही.

त्या तीन बाटल्यांमुळेच तो गेला असे मी म्हणणार नाही. पोटातला रक्तस्राव मोठा असावा. परंतु त्याला सलाईनची नव्हे, शस्त्रक्रियेची आणि रक्ताची गरज होती. या दोन्ही गोष्टी माझ्याजवळ नव्हत्या. तरीही त्याची चाळीस मिनिटे मी माझ्याजवळ ठेवून घेतली, ही रुखरुख आजही आहे.

शरीरात रक्त किती असते?

दर किलो वजनामागे साधारण ७० मिलिलिटर. म्हणजे साठ किलो वजनाच्या माणसात सव्वाचार लिटरच्या आसपास. यातले सहा-सातशे मिलिलिटर गेले तर तरुण माणूस सहन करतो. दीड लिटर गेले की नाडी धावू लागते, अंग गार व चिकट होते, माणूस बेचैन होतो, पाणी मागतो. दोन लिटरच्या वर गेले की शुद्ध हरपू लागते.

रक्त बाहेर सांडलेले दिसलेच पाहिजे असे नाही. मांडीचे हाड मोडले तर आतल्या आत एक ते दीड लिटर रक्त साचू शकते. कमरेच्या हाडांचा चुराडा झाला, यकृत किंवा प्लीहा फाटली, तर त्याहूनही जास्त. "बाहेर तर कुठे रक्त नाही, मुका मार आहे" असे म्हणून रात्रभर घरी ठेवलेले रुग्ण मी सकाळी पाहिले आहेत.

आणखी एक फसगत रिपोर्टाची. नातलग मला रिपोर्ट दाखवतात, "हिमोग्लोबिन बारा आहे, मग रक्त कशाला लागते?" वरणाच्या गंजातून अर्धे वरण काढले तरी उरलेल्या वरणाची दाटी तीच राहते. त्यात पाणी ओतले की ते पातळ होते. तसेच रक्ताचे आहे. पहिल्या तासाभरात हिमोग्लोबिनचा आकडा चांगला दिसू शकतो आणि माणूस मात्र मरणाच्या दारात असतो. म्हणून अनुभवी डॉक्टर आकड्यापेक्षा नाडी, रक्तदाब, श्वास आणि अंगाचा गारवा पाहतात.

सलाईनने काय बिघडते?

सलाईन म्हणजे मिठाचे पाणी. त्यात प्राणवायू वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशी नाहीत आणि रक्त गोठवणारे घटकही नाहीत. थोडे दिले तर नाडी टिकते. बाटल्यांवर बाटल्या ओतल्या तर तीन गोष्टी घडतात. उरलेले रक्त पातळ होते. शरीर थंड पडते. आणि रक्तदाब एकदम वाढून फाटलेल्या रक्तवाहिनीवर नुकतीच धरलेली गुठळी निखळते. बांधीची मोठी फूट तशीच ठेवून मोटारीने पाणी सोडत राहिलो तर बांधी भरेल काय? आधी फूट बुजवावी लागते.

अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात भोसकलेल्या व गोळी लागलेल्या ५९८ रुग्णांचा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत सलाईन रोखून धरलेल्यांपैकी ७० टक्के जगले. आधीपासून भरपूर सलाईन दिलेल्यांपैकी ६२ टक्के. तेव्हापासून विचार पालटत गेला. आता रक्तस्राव थांबेपर्यंत वरचा रक्तदाब ८० ते ९० च्या आसपास राहिला, रुग्ण शुद्धीवर असला, तर तो जबरदस्तीने वर चढवत नाहीत. डोक्याला मार असेल तर मात्र हा नियम लागू नाही. मेंदूला रक्त कमी पडून चालत नाही. तिथे रक्तदाब अधिक राखावा लागतो.

मोठ्या रक्तस्रावात तीन शत्रू हातात हात घालून येतात: शरीराचा गारवा, रक्तात वाढलेले आम्ल आणि गोठण्याची शक्ती हरवणे. एक वाढला की दुसरा वाढतो. एका हद्दीनंतर शल्यचिकित्सकाने टाका घातला तरी टाक्याच्या भोकातूनही रक्त पाझरत राहते. म्हणून पहिल्या तासाची सारी धडपड या तिघांना रोखण्यासाठी असते.

रक्ताचे तीन भाग

रक्तपेढीत रक्ताची पिशवी फिरवून तिचे भाग वेगळे करता येतात. तांबड्या पेशी प्राणवायू वाहतात. त्या २ ते ६ अंश तापमानात पाच-सहा आठवडे टिकतात. पिवळसर रक्तद्रवात म्हणजे प्लाझ्मात गोठवणारे घटक असतात; तो उणे ३० अंशाला गोठवून वर्षभर ठेवतात. तिसरा भाग प्लेटलेटचा. या बारीक कणिका जखमेचे भोक बुजवतात. त्या सतत हलत्या ठेवाव्या लागतात आणि जेमतेम पाच दिवस टिकतात.

पूर्वी जखमीला आधी सलाईन, मग तांबड्या पेशी, आणि बऱ्याच पिशव्या गेल्यावर प्लाझ्मा देत. म्हणजे पाट वाहता ठेवायचा आणि बांध घालणारे गडी शेवटी बोलवायचे! आता मोठ्या रक्तस्रावात सुरुवातीपासूनच तिन्ही भाग जवळजवळ सारख्या प्रमाणात देण्याकडे कल आहे. अमेरिकेत १२ केंद्रांत ६८० रुग्णांवर झालेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. सारख्या प्रमाणात तिन्ही भाग मिळालेल्यांत पहिल्या चोवीस तासांत रक्तस्रावाने मरणारे ९.२ टक्के होते. तांबड्या पेशींचे प्रमाण दुप्पट ठेवलेल्यांत १४.६ टक्के. एकूण मृत्यूंतील फरक निर्णायक म्हणता येईल इतका नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु रक्त लवकर थांबते एवढे त्यातून दिसले.

भाग वेगळे करण्याची सोय नसेल तेथे निराश होण्याचे कारण नाही. तपासलेले ताजे पूर्ण रक्त हेही मोठे औषध आहे. गंमत अशी की काही देशांतील सैन्ये आणि मोठी अपघात केंद्रे आज पुन्हा पूर्ण रक्ताकडे वळली आहेत.

पिशव्या भराभर देताना डॉक्टरांना आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. फ्रीजमधले थंड रक्त यंत्रातून कोमट करून द्यावे लागते. नातलगांनी पिशवी गरम पाण्यात बुडवायचा उद्योग कधीही करू नये. त्याने पेशी फुटतात. दुसरे म्हणजे पिशवीतल्या रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून त्यात सायट्रेट घातलेले असते. ते रुग्णाच्या रक्तातले कॅल्शियम बांधून टाकते. कॅल्शियमविना रक्त गोठत नाही आणि हृदयही मंदावते. म्हणून कॅल्शियमचे इंजेक्शनही द्यावे लागते.

एक स्वस्त इंजेक्शन

बाळंतिणीच्या रक्तस्रावात वापरले जाणारे ट्रॅनेक्झॅमिक आम्ल नावाचे औषध आहे. धरलेली गुठळी विरघळू न देणे हे त्याचे काम. ४० देशांतील वीस हजारांहून अधिक जखमींवर याचा अभ्यास झाला. त्यात भारतातील रुग्णही मोठ्या संख्येने होते. २०१० साली निष्कर्ष आले: औषध न मिळालेल्यांत हजारी १६० दगावले, मिळालेल्यांत १४५. हजारामागे पंधरा जीव, आणि तेही अगदी थोड्या खर्चात! अट एकच, ते तीन तासांच्या आत, शक्यतो पहिल्याच तासात दिले पाहिजे. तीन तासांनंतर दिल्यास अपाय होण्याची शक्यता दिसली. म्हणून घड्याळ महत्त्वाचे. अपघात किती वाजता झाला, हे डॉक्टरला नेमके सांगत जा. "सांजच्या पारी झाला जी" एवढ्याने भागत नाही.

गट जुळण्याचा प्रश्न

व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली रक्तगट शोधले. त्याआधी रक्त देणे हा जुगारच होता. आज गट पाहून आणि दोघांचे रक्त जुळवूनच पिशवी देतात. या जुळवणीला पाऊण ते एक तास लागतो. जखमी तेवढा थांबू शकत नसेल तर डॉक्टर न जुळवता ओ गटाच्या तांबड्या पेशी देतात: मुली व मूल होण्याच्या वयातील स्त्रियांना ओ निगेटिव्ह, पुरुषांना बहुधा ओ पॉझिटिव्ह. ओ निगेटिव्ह आपल्याकडे फार थोड्यांत सापडते. ज्यांचा हा गट आहे त्यांनी आपले नाव रक्तपेढीत अवश्य नोंदवावे.

परंतु ओ गट सर्वांना चालतो, या समजाला धक्का आपल्या महाराष्ट्रातच बसला, आणि तोही जखमींमुळेच. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. य. मो. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांपुढे असे रुग्ण आले की त्यांच्याशी कोणत्याच गटाचे रक्त जुळेना, ओ गटाचेसुद्धा नाही. त्यांतला एक रेल्वे अपघातातला आणि एक सुरा लागलेला होता. कित्येक दात्यांचे रक्त तपासल्यावर जुळणारे रक्त सापडले. १९५२ साली हा शोध 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि त्या गटाला जगभर 'बॉम्बे रक्तगट' हे नाव पडले. ओ गटाच्या पेशींवरही असणारा 'एच' नावाचा घटक या लोकांच्या पेशींवर नसतो. घाईच्या तपासणीत त्यांचा गट 'ओ' असाच निघतो. जुळवणीच्या वेळी खरे उघडकीस येते. भारतात सुमारे दहा हजारांत एकाचा हा गट असतो. ज्या घरात असा एक जण आहे तेथे त्याच्या सख्ख्या भावंडांची तपासणी करून घ्यावी. त्यांच्यात तो मिळण्याची शक्यता बरीच जास्त असते.

"माझे रक्त काढा आणि लावा"

जखमीचा भाऊ बाही वर करून पुढे येतो. "डॉक्टरसाहेब, माझं काढा न् लावा याला." त्याचे प्रेम खरे आहे, पण ते रक्त त्या क्षणी उपयोगी पडत नाही. काढलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, गुप्तरोग आणि हिवताप यांसाठी तपासणी सक्तीची आहे. त्यात काही तास जातात. रक्तस्रावाने मरणारा माणूस बहुधा त्याच तासांत मरतो. पूर्वी पैसे घेऊन रक्त विकणारे लोक रुग्णालयांभोवती असत. सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ च्या निकालात ही पद्धत मोडून काढण्याचे आदेश दिले आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे देऊन रक्त घेण्यावर बंदी आली. ती योग्यच होती, कारण विकत घेतलेल्या रक्ताबरोबर रोगही विकत मिळत.

याचा अर्थ सरळ आहे. जखमीला वाचवणारे रक्त अपघातानंतर धावत आलेल्याचे नसते. महिनाभर आधी कुठल्या तरी शिबिरात कोणा अनोळखी माणसाने दिलेले असते. उन्हाळ्यात कॉलेजे बंद, लग्नसराई, तेंदूपत्त्याचा हंगाम, दिवाळीत सण. नेमक्या याच काळात शिबिरे कमी होतात आणि अपघात वाढतात. शिवाय आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेलची मुले आहेत, बाळंतिणी आहेत. त्या सर्वांची पिशवी त्याच फ्रीजमधून निघते.

अठरा ते पासष्ट वयाचा, ४५ किलोच्या वर वजनाचा, हिमोग्लोबिन साडेबारा असलेला निरोगी माणूस रक्तदान करू शकतो. पुरुषांनी दोन दानांत तीन महिने, स्त्रियांनी चार महिने अंतर ठेवावे. यामुळे अशक्तपणा येतो, शेतीचे काम होत नाही, हा समज खोटा आहे. त्या एका दिवशी मात्र जड काम टाळावे.

रक्त थांबल्यावर हात आखडता

रक्तस्राव थांबला की धोरण उलटे होते. तेव्हा रक्त जपून द्यावे लागते. कॅनडात ८३८ गंभीर रुग्णांवर झालेला अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. हिमोग्लोबिन सातच्या खाली गेल्यावरच रक्त दिलेले रुग्ण, ते दहाच्या वर राखलेल्या रुग्णांइतकेच बरे झाले. म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिमोग्लोबिन आठ आहे आणि डॉक्टर रक्त लावत नाहीत, तर "डॉक्टर लक्ष देत नाही" अशी ओरड करू नये. हृदयविकार असेल तर हिशेब वेगळा असतो. प्रत्येक पिशवीबरोबर ताप, पुरळ, फुप्फुसात पाणी भरणे असे धोके थोडे का होईना येतात. अंगात शक्ती यावी म्हणून रक्त लावून घेणे तर पूर्ण चूक.

जागेवर काय करावे?

१) वाहत्या जखमेवर स्वच्छ दुपट्टा किंवा कापड ठेवून दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरा. दर मिनिटाला उचलून पाहू नका. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवा. हळद, चुना, माती, तंबाखू काहीही भरू नका.

२) हातापायाचे रक्त दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या वर, सांधा सोडून, रुंद पट्टी घट्ट आवळा आणि वेळ लिहून ठेवा. तार किंवा सुतळी वापरू नका. बांधलेली पट्टी वाटेत सोडू नका.

३) विळा, काठी, लोखंड आत रुतले असेल तर उपसू नका.

४) मोडलेला पाय फळीला बांधून स्थिर करा. ओले कपडे काढा, घोंगडीत गुंडाळा. गारव्याने रक्त गोठत नाही.

५) चहा, पाणी, दारू काही पाजू नका, पुढे भूल द्यावी लागते.

६) १०८ ला फोन करा. २०१४ पासून ही सेवा आपल्या राज्यात आहे. शक्य झाल्यास रुग्णालयात आधी कळवा: जखमी किती, रक्त किती गेले. रक्तपेढीला तेवढा वेळ मिळतो.

७) पोलिसांच्या भीतीने जखमीला टाकून जाऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आणि २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यातही तशी तरतूद झाली. तुम्हाला नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

एकोडीहून साकोली जवळ आहे. साकोलीहून भंडारा सुमारे चाळीस किलोमीटर, नागपूर शंभर. ही अंतरे आपण कमी करू शकत नाही. वाटेत वाया जाणारा वेळ मात्र कमी करू शकतो.

मागच्या हंगामात मळणी यंत्रात हात गेलेल्या एका मजुराला आणले. त्याच्या भावाने लुगड्याची पट्टी दंडावर आवळून बांधली होती आणि वेळही लक्षात ठेवली होती. मी गुठळी टिकवणारे इंजेक्शन दिले, एकच बाटली हळू लावली, घोंगडी गुंडाळली आणि रुग्णालयात फोन केला. दहा मिनिटांत गाडी निघाली. तिकडे त्याला चार पिशव्या लागल्या आणि त्या तयार होत्या. हात कोपराखाली गेला, पण माणूस वाचला. महिन्याभराने तो भेटायला आला तेव्हा मी त्याच्या भावाला म्हटले, "चार अनोळखी माणसांचे देणे आहे तुमच्यावर." तो म्हणाला, "कुठं फेडू, सांगा." गावात पुढचे शिबीर झाले त्या दिवशी तो रांगेत सर्वांत पुढे होता.

१९९८ सालच्या त्या तरुणासाठी अशी पिशवी वेळेवर मिळाली असती की नाही, हे आता कोणी सांगू शकत नाही. पुढच्यासाठी ती असावी, एवढे मात्र आपल्या हातात आहे. या मंडईला नाटकाचे तिकीट काढाल, त्याच आठवड्यात एक पिशवी रक्तही देऊन या. आणि रात्री परतताना गाडीवर दोघेच बसा.